खेळाची किंमत : हिशेब दोन्ही बाजूंचा

परवा भाच्याने प्लेस्टेशनसाठी एक गेम मागितला. किंमत जवळपास पाच हजार! महिन्याचा किराणा येतो एवढ्यात. मी रागावलो, पण कारकुनी सवयीने हिशेब मांडून बसलो.

अमेरिकेत 2005 च्या सुमारास मोठ्या गेमचा भाव 60 डॉलर झाला, 2020 मध्ये 70. 2025 मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ला 80 डॉलर लावले. मोठी ओरड झाली. परंतु महागाई धरली, तर 2005 चे 60 डॉलर म्हणजे 2025 चे जवळपास 100. शिवाय एका गेमवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात. त्यांच्या श्रमाचे मोल दिलेच पाहिजे.

ही झाली खर्चाची बाजू. आता जमेची पाहा. 2013 चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ वीस कोटींहून अधिक प्रती खपला. इंटरनेटवरून विकलेल्या गेमला ना तबकडी लागते, ना खोका, ना वाहतूक. कित्येक गेममध्ये तर पैसे मोजून आत गेल्यावर पुन्हा पैसे मागतात.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. तबकडी मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेला गेम सहसा आपल्या मालकीचा नसतो, तो फक्त वापरण्याचा परवाना असतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून ‘खरेदी करा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असा कायदा आहे.

भाववाढ एकवेळ समजू शकते. पण दाम वाढवायचा आणि हक्क कमी करायचा, हे न्याय्य नाही.

भाच्याला म्हटले, “तबकडीच घे. तिघे मित्र वर्गणी काढा, आळीपाळीने खेळा. तुझी वर्गणी मामाकडून!”