प्रतिपिंडांचा आकडा आणि त्यामागचा प्रश्न

मे २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ७० जिल्ह्यांत कोरोनाचे पहिले राष्ट्रीय सेरो-सर्वेक्षण सुरू केले, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या सहा जिल्ह्यांत सांगली होता. दोनच महिन्यांपूर्वी, मार्चअखेरीस, इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून संसर्गाची साखळी सुरू झाली होती आणि अख्ख्या राज्याचे लक्ष त्या गावाकडे लागले होते. सर्वेक्षणात प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसे, एका घरातून एकच प्रौढ, असा हिशेब होता. देशभरातून २८,००० नमुने जमले आणि निष्कर्ष निघाला तो असा की, प्रौढांपैकी ०.७३ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता.

या सर्वेक्षणातली एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. सातारा-सांगलीच्या प्रत्येक लॅबचालकाने आणि डॉक्टरने ती लक्षात ठेवावी, असे या मासिकाला वाटते. वापरलेला ‘कोविड कवच’ एलायझा संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केला होता. त्याची संवेदनशीलता ९२.३७ टक्के आणि विशिष्टता ९७.९ टक्के होती. कागदावर हे आकडे उत्तमच दिसतात. पण हिशेब मांडून पाहावा. हजार माणसांत खरोखर संसर्ग झालेले सात. उरलेल्या ९९३ जणांपैकी २.१ टक्के, म्हणजे सुमारे एकवीस जण, संसर्ग नसताना पॉझिटिव्ह येणार. खरे सहा-सात आणि खोटे एकवीस! म्हणजे हातात पडलेल्या चार पॉझिटिव्ह अहवालांपैकी तीन चुकीचे. म्हणूनच पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या, वेगळ्या कंपनीच्या संचावर पुन्हा तपासला गेला आणि मगच टक्केवारी काढली गेली.

हाच संच वर्षभराने वापरला असता तर? जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोहोचले होते. तेव्हा हजारांमागे खोटे पॉझिटिव्ह फक्त सात निघाले असते आणि खरे सव्वासहाशे. संच तोच, रसायने तीच, तंत्रज्ञही तोच. अहवालाचा अर्थ मात्र पार बदललेला. गावात आजार किती आहे हे माहीत नसेल, तर अहवालावरच्या ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचे वजन ठरवता येत नाही.

चाचणी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हेही पाहावे लागते. त्याचे सातारा जिल्ह्यातले उदाहरण माणसांचे नाही, वटवाघळांचे आहे. मार्च २०२० मध्ये याच पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. तेहतीस फळभक्षी वटवाघळांत आणि एका छोट्या कीटकभक्षी वटवाघळात निपाह विषाणूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे सापडली. २०२१ मध्ये बातमी आली आणि महाबळेश्वर-पाचगणीत चिंता पसरली. वास्तविक प्रतिपिंडे एवढेच सांगत होती की, या प्राण्यांची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. विषाणू आत्ता अंगात आहे का, या प्रश्नाचे उत्तर आरएनए चाचणी देते. तो दोन्ही जातींच्या एकेका वटवाघळातच मिळाला. शास्त्रज्ञांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. बातम्यांनी ते एकत्र केले.

असे एकत्रीकरण आपल्या दवाखान्यांत रोज होते, आणि त्याचे सर्वांत ठळक नाव ‘विडाल’ आहे. ताप येऊन तीन दिवस झालेत, एकच नमुना, टायटर १:८० किंवा १:१६०, आणि रुग्णाला सांगितले जाते, ‘टायफॉइड निघाला.’ फर्नांड विडाल यांनी ही चाचणी १८९६ मध्ये मांडली. ज्या भागात टायफॉइड नेहमीचाच आहे, तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडे काही प्रमाणात असतात. जुना संसर्ग, लस किंवा दुसराच ताप यांमुळेही टायटर चढते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत ते चौपट वाढले, तर त्याला अर्थ आहे. पहिल्या आठवड्यात खरे उत्तर ब्लड कल्चर देते, तेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घेतले तरच. डेंग्यूचेही तसेच. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ पाहायचे; आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागते. दुसऱ्या दिवशी केलेले आयजीएमचे कार्ड निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाही, असे म्हणणे धोक्याचे आहे. तापाचा दिवस कितवा, हे चाचणीच्या चिठ्ठीवर लिहायला दोन सेकंद लागतात. बहुतेक चिठ्ठ्यांवर ते नसते.

कोरोनाच्या लसीनंतर ‘इम्युनिटी किती आली’ हे पाहण्यासाठी अनेकांनी पैसे मोजले. कोव्हिशील्ड घेतलेल्यांची एन-प्रथिनाविरुद्धची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली आणि लस वाया गेली म्हणून लोक घाबरले. ती लस फक्त स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. एन-प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तिच्यामुळे तयार होतच नाहीत. चाचणी चोख होती, विचारलेला प्रश्न चुकीचा होता. आकडा खरोखर संरक्षण सांगतो अशी उदाहरणेही आहेत. हिपॅटायटिस-बी लसीचा तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० मिली-आययू किंवा त्याहून जास्त असेल, तर लस लागली असे समजतात. रोज रक्त हाताळणाऱ्या आपल्या तंत्रज्ञांपैकी किती जणांची ही तपासणी झाली आहे, हे प्रत्येक लॅबमालकाने आजच पाहावे.

आता ज्या चाचणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती. एकूण आयजीजी, आयजीए, आयजीएम मोजणारी इम्युनोग्लोब्युलिन चाचणी ‘इम्युनिटी पॅकेज’मध्ये धडधाकट माणसाला विकली जाते आणि वर्षात तीनदा न्यूमोनिया झालेल्या मुलाला मात्र कोणी सुचवत नाही. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करातील डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नाहीच, हे दाखवले आणि बाहेरून ते देऊन त्याचे संसर्ग आटोक्यात आणले. आज अशी मुले ठरावीक आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन घेऊन शाळेत जातात, मोठी होतात. अट एकच, निदान वेळेत व्हायला हवे.

इथे लॅबची जबाबदारी मोठी आहे. प्रौढांची आयजीजीची मर्यादा साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम. तीच सहा महिन्यांच्या बाळाच्या अहवालावर छापली, तर ३५० हा त्या वयाला साजेसा आकडा ‘लो’ म्हणून ठळक होतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तेव्हा संपत आलेली असतात आणि बाळाची स्वतःची नुकती कुठे तयार होऊ लागलेली असतात. उलट चार वर्षांच्या मुलाचा १०० हा आकडा पाहून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन गेला पाहिजे. मूल लहान असेल तर वयानुसार मर्यादा छापणे ही सक्ती मानावी.

जत, आटपाडी किंवा खटावच्या छोट्या लॅबमध्ये नेफेलोमेट्री नसेल, पण सुगावा तिथेही लागतो. एलएफटीतल्या एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन मिळते. प्रौढात ते १.८ ग्रॅमच्या खाली असेल तर पुढची तपासणी सुचवावी. वेल्समधील डॉक्टरांनी या साध्या वजाबाकीतून प्रतिपिंडांची कमतरता असलेले रुग्ण शोधले आहेत. तान्ह्या बाळाच्या सीबीसीत लिम्फोसाइटची एकूण संख्या ३००० च्या खाली दिसली, तर तो अहवाल नुसता छापून देऊ नये. असे बाळ गंभीर प्रतिकारशक्ती-अभावाचे असू शकते आणि त्याला जिवंत जंतूंची लस देण्याआधी तज्ज्ञाचे मत हवे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आणि वाडिया बालरुग्णालय या दोन्ही ठिकाणी अशा मुलांची तपासणी होते. बालरोगतज्ज्ञांनी तिथे नमुना किंवा मूल पाठवताना आधीचे सगळे सीबीसी, संसर्गांच्या तारखा, घेतलेल्या लसी आणि घरात लहानपणी दगावलेल्या मुलग्यांची माहिती चिठ्ठीसोबत जोडावी.