गाडी बदलली, प्रवास तोच

अर्जुनी मोरगावहून नागपूरच्या एम्सला निघालेल्या रुग्णाला थेट एसटी मिळाली तर बरे, नाहीतर साकोलीला गाडी बदलावी लागते. गणेशपेठ स्थानकावर उतरून तो कॉटन मार्केटला मेट्रोत बसतो, सीताबर्डीला मार्गिका बदलतो, खापरीला उतरतो आणि मिहानमधल्या रुग्णालयापर्यंत आणखी एक वाहन धरतो. एवढ्या बदलांत नवे भाडे पडत नाही ते फक्त सीताबर्डीला. दोन्ही मार्गिका महामेट्रोच्या असल्याने भाडे कॉटन मार्केट ते खापरी असे सलग लागते. इतर प्रत्येक ठिकाणी मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

ही पहिल्यापासूनची मोजणी प्रवाशाला नेमकी कुठे महागात पडते? एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, आणि टप्पा अपुरा राहिला तरी भाडे पुऱ्या टप्प्याचे. शहरात पहिले काही किलोमीटरच सर्वांत महाग असतात. मुंबईच्या बेस्टचे ९ मे २०२५पासूनचे दर पाहा. साध्या गाडीला ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत १५. सलग ६ किलोमीटर जाणारा १५ रुपये देतो. तेवढेच अंतर तीन-तीन किलोमीटरच्या दोन गाड्यांनी जाणारा २० रुपये देतो, शिवाय मध्ये थांब्यावर ताटकळतो. गाडी बदलण्याची हौस त्याला नव्हती. मार्ग आपण वाहतूक यंत्रणांनी आखले, थेट फेरी परवडत नाही हेही आपणच ठरवले. आपल्या आखणीचा खर्च आपण त्याच्याकडून वसूल करतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

संस्था वेगळ्या, हिशेब वेगळे, म्हणून हे जमत नाही असे बैठकांत नेहमी सांगितले जाते. त्याचे उत्तर अर्जुनीच्या रेल्वे स्थानकावर आहे. तिथे खिडकीवर नागपूरचे तिकीट मागा. गोंदियाला गाडी बदलायची असली तरी तिकीट एकच मिळते, अंतर सलग धरले जाते, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो. अर्जुनी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, नागपूर स्थानक मध्य रेल्वेत. उत्पन्नाची वाटणी आत कुठेतरी होते, प्रवाशाला तिची झळ लागत नाही.

मुंबईत दोन्ही पद्धती एकाच शहरात दिसतात. दहिसर पूर्वेला मेट्रो २ अ आणि ७ यांच्यात बदल केला तर भाडे सलग. डी. एन. नगरला मेट्रो १ वरून २ अ वर जायचे तर पूल चालून जायचे आणि नवे भाडे मोजायचे. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपने ११ सेवांची तिकिटे एका जागी आणली. रांगा टळतात, हे मोलाचे आहे. पण एका कोडमागे भाड्यांची बेरीजच होत असेल, तर एकत्रीकरणाचे निम्मे काम अजून बाकी आहे. लंडनने २०१६ साली तासाभरात दुसरी बस धरणाऱ्याचे दुसरे भाडे माफ केले, आणि २०१८पासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच लागते.

भाडे सलग लावल्याने येणारी तूट कोण भरणार, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण वाट आपल्याला माहीत आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे पडते. वाहकाच्या मशीनमध्ये त्याची वेगळी नोंद होते आणि सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते. जोडप्रवासाचीही तशीच वेगळी नोंद होऊ शकते. पहिल्या तिकिटावर वेळ असतेच. ठरावीक वेळेत दुसरी गाडी धरली तर दुसऱ्या तिकिटातला सुरुवातीचा टप्पा माफ करावा.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करायची गरज नाही. साकोलीत एसटीवरून एसटीवर जाणाऱ्यांसाठी कोणाशी करार लागत नाही, ते महामंडळाच्या एका परिपत्रकाने होईल. गणेशपेठ–कॉटन मार्केट जोडीला महामेट्रोची संमती लागेल आणि वाटणीचे सूत्र ठरवावे लागेल. म्हणून पहिले पाऊल साकोलीला टाकावे. आगार व्यवस्थापकांनी आठवडाभर उतरणाऱ्या प्रवाशांना पुढे कुठे जायचे ते विचारून नोंद ठेवावी. ही नोंद हाती असल्याशिवाय तुटीच्या कोणत्याही आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.