शेंद्र्याची मोटार आणि शिवारातील कापूस

परदेशांशी होणारे व्यापार करार हा केवळ शहरातील कारखानदारांचा विषय होय, असा समज खेड्यापाड्यांतून अद्याप आढळतो. छत्रपती संभाजीनगरनजीकच्या शेंद्रा परिसरात तो टिकणे कठीण आहे. एक भाऊ ठेकेदाराकडे कारखान्यात कामास जातो व दुसरा कपाशी पाहतो, अशा घरात दोघांचीही मिळकत आयात शुल्काच्या दराशी बांधलेली असते.

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. तयार मोटार परदेशातून आणल्यास शुल्क जबर, सुटे भाग आणून येथे जोडल्यास बरेच कमी, या फरकाने जोडणीच्या कामास आधार दिला. २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मोटारींवरील ११० टक्क्यांपर्यंतचे शुल्क, ठरावीक संख्येपुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले आहे. जोडणीच्या रोजगारावर याचा ताण पडू शकतो. तथापि दुसरे कसब शिकण्यास कामगाराला काही सवड तरी राहते.

कापूस उत्पादकास ती सवड मिळाली नाही. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून उठविण्यात आले. मुदत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. तोपर्यंत लागवड होऊन बी-बियाणे, खते व फवारणीचा खर्च होऊन गेला होता. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेल्याने गिरण्यांस स्वस्त कापूस हवा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु गिरणीची अडचण ऐन वेचणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या माथी यावी, हे न्याय्य नव्हे. शुल्कात बदल करावयाचाच असेल, तर तो पेरणीपूर्वी जाहीर व्हावा. म्हणजे तूर, मका वा सोयाबीन यांचा विचार करण्यास शेतकरी मोकळा राहील.

तोवर हमीभावाचाच आधार आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. मात्र भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल घेतला जात नाही आणि ‘कपास किसान’ अॅपवर पूर्वनोंदणी लागते. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी वेचणी सुरू होण्याआधीच प्रत्येक कापूस उत्पादकाच्या सातबाऱ्यावरील पीकनोंद तपासून घ्यावी. केंद्राच्या दारात गाडी उभी राहिल्यावर ती दुरुस्त करता येत नाही.