खोक्यातली सीडी
कॉम्पॅक्ट कॅमेरा पुन्हा तरुणांच्या हातात दिसू लागलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कपाटातून काढलेल्या कॅमेऱ्यावर लगेच फोटो काढत सुटू नका, आधी मेन्यू नीट पाहा. २००५ सालचा कॅननचा पॉवरशॉट ए६२० घ्या. मागचं ‘फंक्शन-सेट’ बटण दाबलं की व्हाइट बॅलन्स, आयएसओ, फोटोचा आकार हे सगळं पडद्याच्या कडेला येतं आणि समोरचं दृश्य दिसतच राहतं. मांडणी असावी तर अशी! त्याहून मोठी कमाल शेजारशेजारचे फोटो जोडण्यासाठीच्या ‘स्टिच असिस्ट’ची. पहिला फोटो काढला की त्याची एक कड पडद्यावर तशीच राहते. तिच्याशी पुढचं दृश्य जुळवायचं. उजेडाचं गणितही पहिल्याच फोटोला पक्कं होतं, त्यामुळे आभाळाचा रंग मध्येच बदलत नाही. मग कॅमेऱ्याच्या खोक्यातल्या सीडीवरचं ‘फोटोस्टिच’ हे सॉफ्टवेअर ते फोटो जोडतं आणि गडाची लांबलचक तटबंदी एका चौकटीत येते. फोन हे काम आज परस्पर उरकतो. इथे मात्र जोड कुठे घ्यायचा हे आपण ठरवतो, आणि त्यातूनच नजर तयार होते. म्हणून ती सीडी रद्दीत टाकू नका, तिची प्रत संगणकावर ठेवा. शिवाय आतली घड्याळाची बॅटरी संपलेली असेल, तर प्रत्येक फोटोसोबत चुकीची तारीख नोंदली जाते आणि पुढे बारसं कधीचं, सहल कधीची याचा पत्ता लागत नाही. कॅमेरा सुरू केलात की पहिल्यांदा मेन्यूत जाऊन तारीख-वेळ लावा.