म्युनिक–बर्लिन : सव्वा तासाचे उड्डाण, चार तासांचा प्रवास

म्युनिक आणि बर्लिन यांतील हवाई अंतर जेमतेम ५०० किलोमीटर. विमानाच्या तिकिटावर साधारण सव्वा तास छापलेला असतो. सर्वांत वेगवान रेल्वेगाडीला चार तासांहून किंचित कमी वेळ लागतो. केवळ या आकड्यांवर विसंबले, तर रेल्वे स्पर्धेत उतरूच नये. प्रत्यक्षात या मार्गावर विमानाने मोठा हिस्सा गमावला आहे आणि त्याची कारणे आकाशात नसून जमिनीवर आहेत.

म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये शहरालगतच्या रीमहून सुमारे ३० किलोमीटर दूर नेण्यात आला. मुख्य स्थानकापासून तेथे पोहोचण्यास एस-बानने चाळीस मिनिटे लागतात. हे अंतर दहा मिनिटांत कापणाऱ्या चुंबकीय गाडीची योजना खर्च तीन अब्ज युरोंपलीकडे गेल्याने २००८ मध्ये गुंडाळली गेली. तिच्या समर्थनार्थ बव्हेरियाचे तत्कालीन मुख्यमंत्री एडमुंड श्टॉयबर यांनी केलेले अडखळते भाषण तेवढे अजून लोकांच्या स्मरणात आहे. बर्लिननेही २०२० मध्ये शहराजवळचे टेगेल बंद करून सारी वाहतूक दक्षिण सीमेवरील नव्या विमानतळावर नेली. सुरक्षा तपासणी आणि प्रतीक्षा धरली, की घरापासून कार्यालयापर्यंतचा सव्वा तास सहज चार तासांचा होतो.

रेल्वेने नेमक्या याच फटीत शिरकाव केला. थुरिंगियाच्या डोंगरांतून बोगदे आणि पूल बांधत, सुमारे दहा अब्ज युरो खर्चून उभारलेला मार्ग डिसेंबर २०१७ मध्ये खुला झाला आणि सहा तासांचा प्रवास चारवर आला. डॉइश बानच्या आकडेवारीनुसार वर्षभरातच या मार्गावरील रेल्वेचा वाटा २३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. अर्थात, २०१७ मध्येच एअर बर्लिन दिवाळखोरीत निघाली होती. सारे श्रेय रुळांना देणे योग्य नव्हे.

अडचण आहे ती वक्तशीरपणाची. २०२४ मध्ये डॉइश बानच्या लांब पल्ल्याच्या केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तेथे उशीर मानलाच जात नाही. सकाळी अकराची बैठक गाठायची असणारा अभियंता मग एक गाडी आधीची पकडतो. अब्जावधी खर्चून वाचवलेले तास अशा रीतीने पुन्हा खर्ची पडतात.

मुंबईहून म्युनिकला उतरून बर्लिन गाठणाऱ्याचा हिशेब तर वेगळाच. फ्रँकफर्टच्या विमानतळावर १९९९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्वतंत्र स्थानक आहे. म्युनिकला तशी सोय नाही. सामानासह शहरात येऊन गाडी पकडण्यापेक्षा पुढचे विमान सोयीचे ठरते. ही उड्डाणे टिकून आहेत ती बऱ्याच अंशी अशा प्रवाशांमुळे.

म्युनिक–बर्लिन मार्ग खुला होण्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. लांबी ५०८ किलोमीटर. मात्र मुंबईचा विमानतळ भर वस्तीत आहे आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील नियोजित स्थानकापासून अवघ्या काही किलोमीटरवर. अहमदाबादचा विमानतळही शहराला लागूनच. जर्मनीत दूरच्या विमानतळांनी रेल्वेला जी सवलत दिली, ती तेथे मिळणार नाही. दक्षिण मुंबईतून वांद्र्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मात्र दोन्ही पर्यायांच्या हिशेबात तेवढाच राहील.