वखार बुडाली ती नातवामुळे नव्हे

१/ लाकूड व्यापाऱ्यांच्या घराण्यांचा इतिहास बहुधा एकाच साच्यात ओतला जातो. आजोबांनी उपाशीपोटी वखार उभारली, मुलाने आरागिरणी घातली, नातवाने जागा विकली. नेरळ-कर्जत पट्ट्यालाही हाच साचा लावला जातो. त्यात जंगल नाही आणि झाड तोडणारा माणूसही नाही.

२/ आरंभ आजोबांच्या घामापासून नव्हे, रुळांपासून करावा लागतो. १८५६ मध्ये जीआयपी रेल्वे कल्याणहून खोपोलीस पोहोचली आणि नेरळ त्या मार्गावर आले. माथेरानच्या पायथ्याचे लाकूड व कोळसा मुंबईच्या आवाक्यात आला. आणि मुंबईची चूल तेव्हा लाकूड-कोळशावरच पेटत होती.

३/ पुढे १८७८ चा वन कायदा. राब, सरपण, चराई यांवरील गावांचे हक्क आकसले. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता). गावाला बंद झालेले जंगल लिलावात कूप घेणाऱ्या ठेकेदाराला मात्र खुले राहिले. घराण्यांच्या भांडवलाचा उगम इथे शोधावा.

४/ आणि कातकरी? खैरापासून काथ काढणारे म्हणून ते कातकरी. निर्बंधांनी तो व्यवसाय गेला. उरली तोड आणि कोळशाची भट्टी. लाकूड रचायचे, गवत-मातीने लिंपायचे आणि रात्रंदिवस राखण करायची. कुठे भेग पडून वारा शिरला की कोळशाची राख होते. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल दिवाळीनंतर सबंध कुटुंबाने भट्टीवर फेडायची. हिशेबाची वही मालकाकडे, वाचणारा मालकच. आजोबांच्या कष्टांविषयी शंका नाही; पण नफा केवळ त्यांच्या कष्टांतून आला, हे पटणारे नाही.

५/ ‘कोर्टाने धंदा मारला’ हे दुसरे लाडके विधान. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, ठेकेदाराला वगळून जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाकडे गेली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. शहरात गॅस, प्लायवूड आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातील आदेश १२ डिसेंबर १९९६ चा, नव्या आरागिरण्यांवरील निर्बंध २००२ चा. स्वस्त झाड आणि बांधलेला मजूर या दोन्हींना तोवर कायद्याने हात घातला होता. नातू आळशी असो वा उद्योगी, आजोबांचा धंदा त्याला वारशाने मिळणारच नव्हता.

६/ उचल मात्र संपलेली नाही. रायगडातील कातकरी कुटुंबे आजही दिवाळीनंतर मुलाबाळांसह घाटावरच्या कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात.