निर्वासित कोण, घुसखोर कोण? अभ्यासणारी माणसं हवीत

अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प आपल्या रोजच्या पाहण्यातले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वऱ्हाडाने सामावून घेतलं, हे चांगलंच झालं. याच दोन जिल्ह्यांत जानेवारी २०२५ पासून उशिराच्या जन्मदाखल्यांवरून 'बांगलादेशी' हा शब्द गाजतोय. सरकारने असे दाखले थांबवले, एसआयटी नेमली.

खोटा कागद करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच पाहिजे. पण आम्ही शिक्षक दाखल-खारीज रजिस्टर उघडतो, तेव्हा दिसतं की घरी जन्मलेल्या मजुरांच्या कित्येक लेकरांची पहिली सरकारी नोंद शाळेतच झाली.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, देशात वेगळा निर्वासित कायदाही नाही. म्हणून निर्वासित कोण, हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं. २०१९ च्या सुधारणेने तर नागरिकत्वात धर्माचा निकष आणला.

बंगालच्या सीमेवरच्या स्थलांतराचा अभ्यास प्रा. रणबीर समद्दार यांनी वर्षानुवर्षे केला. वऱ्हाडात हे काम कोण करणार? आपण मुलांना डॉक्टर, इंजिनिअर एवढंच सांगतो. आरोपांना उत्तर द्यायला जुन्या नोंदी शोधणारी, वाचणारी माणसं लागतात. घरातली एखादी हुशार मुलगी राज्यशास्त्रात पीएचडी करते म्हणाली, तर तिला अडवू नका.